इंजिनांचे फोटो काढणाऱ्यांना उभं राहायला जागा द्या

रुळांवर रील करताना कुणी गाडीखाली आल्याची बातमी आली, की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. एक तट म्हणतो, कॅमेरे घेऊन रेल्वेजवळ फिरणाऱ्या सगळ्यांनाच आत टाका. दुसरा म्हणतो, रेल्वे जनतेच्या पैशाची आहे, फोटो काढला तर बिघडलं कुठं? या वेळी वादात माझा भाचाही ओढला गेला. पोरगा अकरावीत आहे, मालगाड्यांची इंजिनं टिपायचा त्याला जबर नाद. सातारा जिल्ह्यातल्याच एका स्टेशनवर फलाटाच्या टोकाला उभा होता, खिशात तिकीट होतं. तरी त्याला हटकलं आणि कार्डावरचे सगळे फोटो पुसायला लावले. रात्री त्याचा मेसेज आला, "मामा, तिकडं चालतं का हे?"

फोटो काढणं चालतं. मी शिकागोच्या पश्चिमेला ऑरोरात राहतो. इथून तासाभरावर रोशेल नावाचं छोटं गाव आहे. बीएनएसएफ आणि युनियन पॅसिफिक या दोन रेल्वे कंपन्यांचे मुख्य मार्ग तिथं एकमेकांना जमिनीवरच छेदतात. गावानं त्या फुलीशेजारी गाड्या बघणाऱ्यांसाठी बाग केली आहे. वर छप्पर, खाली बाकं आणि चालक व कंट्रोल रूम यांचं वायरलेसवरचं बोलणं ऐकवणारा स्पीकर. आजोबा नातवंडांना घेऊन जेवणाचे डबे उघडून बसलेले असतात. एकावर एक कंटेनर रचलेली मैलभर लांबीची गाडी आली की सगळे उठून कठड्याशी जातात. बीएनएसएफनं तर २००६ मध्ये अशा हौशी लोकांची नोंदणी सुरू केली. तुम्ही नाहीतरी तासन्‌तास गाड्याच बघता, तर काही संशयास्पद दिसलं तर आम्हाला कळवा, एवढी साधी मागणी.

पण याच्या आधारावर ग्रुपवरच्या दुसऱ्या तटानं टाळ्या वाजवू नयेत. इथं रेल्वेची जमीन कंपनीच्या खाजगी मालकीची असते आणि चांगल्या कोनासाठी दोन पावलं आत टाकली तरी पोलीस येतात. आपल्याकडंही रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४७ विनापरवाना हद्दीत शिरणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड सांगतं, आणि ते मला योग्यच वाटतं. पुणे–मिरज मार्गाचं विद्युतीकरण झाल्यापासून धोका वाढलाय. डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. उभ्या वाघिणीवर, म्हणजे मालगाडीच्या डब्यावर चढून सेल्फी काढणाऱ्याला त्या तारेला हातही लावावा लागत नाही, जवळ गेलं तरी पुरे. शिवाय डिझेल इंजिन लांबूनच कळायचं. विजेचं इंजिन उतारावर येताना कधी पाठीशी येऊन ठेपतं ते समजत नाही.

म्हणून रुळावर नाचणारा आणि कुंपणाबाहेर उभा राहून इंजिनाचा नंबर टिपणारा, या दोघांना एकाच दोरीनं बांधू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. पहिल्याला दंड कराच. दुसरा मात्र मालगाड्यांची नोंद ठेवायचं असं काम करतोय जे जिल्ह्यात दुसरं कुणी करत नाही.

मी वाठार स्टेशनचा. आदर्कीच्या घाटात खताची मालगाडी चढताना जो आवाज व्हायचा, तो अजून ओळखू येतो. ॲल्को हे जुनं डिझेल इंजिन आठव्या नॉचवर, म्हणजे पूर्ण जोरावर गेलं की आधी काळ्या धुराचा लोट दिसायचा आणि मग धक्क्याधक्क्यानं येणारी धडधड घरातल्या भांड्यांपर्यंत पोचायची. पुढं हुबळी शेडची (इंजिनं ठेवायच्या-दुरुस्त करायच्या ठाण्याची) डब्ल्यूडीजी-४ जातीची डिझेल इंजिनं दिसू लागली, ४००० अश्वशक्तीची, आवाज वेगळाच, सलग घुमणारा. इथं आल्यावर कळलं, की त्यांचा आराखडा ज्या ईएमडी कंपनीचा, तिचा जुना कारखाना माझ्या घरापासून फार लांब नाही, शिकागोच्याच उपनगरात. इथल्या मालगाडीचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी फुटपाथवर थांबलो होतो, वाठारची आठवण येऊन.

ती डिझेल इंजिनं आता आपल्या मार्गावरून हटताहेत. एक्स्प्रेसचे फोटो ढिगानं सापडतील, मालगाडीकडं कोण बघतो? आणि सातारा-सांगलीचा इतिहास तर मालगाड्यांनीच वाहिलाय. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेलं ते टँकरच्या वाघिणींनी, पहिल्या खेपेला १० वाघिणींतून जवळपास ५ लाख लिटर. त्या गाडीवर देशभरातले कॅमेरे आले, कारण ती बातमी होती. रोज साखर, खत, तेल नेणाऱ्या गाड्यांसाठी भाच्यासारखी पोरंच असतात.

लष्करी गाड्यांचे फोटो नकोत, हे मान्य. धंद्यासाठी चित्रीकरण असेल तर परवानगी घ्यावी, तेही मान्य. पण बाकीचं प्रत्येक स्टेशनवर मराठीत पाटीवर लिहा: कुठं उभं राहायचं, काय टिपायचं, काय नाही. कुणाला फोटो पुसायला लावायचे असतील तर कोणत्या नियमाखाली ते लेखी द्या. मिरज जंक्शनच्या फलाटाचं एक टोक जाळी लावून मोकळं ठेवायला असा काय खर्च येणार आहे? आणि रोशेलला जे नाही ते आपल्याकडं आहे. आपला फाटकावरचा गेटमन पोरांना नावानं ओळखतो, "डाउन मालगाडी सुटलीय रे" असं सांगतो. इथं इतक्या वर्षांत एकाही रेल्वेवाल्याशी माझी अशी ओळख झालेली नाही. ही ओळख सुरक्षेसाठी कामी आणता येईल, पोरांना हाकलून ती तुटेल.

भाच्याला मी एवढंच कळवलंय: रस्त्याच्या पुलावरून किंवा कुंपणाबाहेरून काढ, त्यासाठी लांब पल्ल्याची लेन्स मी पाठवतो. तारांच्या जवळ काठी, ट्रायपॉड काही उचलायचं नाही. प्रत्येक फोटोखाली तारीख, ठिकाण, इंजिनाचा नंबर आणि शेडचं नाव लिही. आणि पुन्हा कुणी हटकलं तर हुज्जत घालू नकोस, स्टेशन मास्तरकडं जाऊन नियम विचार आणि लेखी अर्ज दे. मजकूर मी लिहून देतो.