आधी रस्ते, मग घरं

नगरपरिषदेत सुधारित विकास आराखड्याचा नकाशा लागला आणि त्या संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर दुसरा विषयच निघाला नाही. गाव शिरोळ तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. संज्याच्या वीस गुंठ्यांवर बागेचं आरक्षण पडलंय, म्हणजे ती जागा सार्वजनिक बागेसाठी राखून ठेवलीय. मागच्या आराखड्यातही तेच होतं.

"वीस वर्षं झाली. बाग न्हाई, पैसं न्हाईत. इकता येईना, बांधता येईना. आता परत हिरवा रंग?"

अण्णा नगररचना खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "अंतिम आराखडा अंमलात येऊन दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली मालकानं नोटीस द्यायची. चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण जातं. दिलीस का नोटीस?"

"कुणी सांगितलं हुतं?"

रेश्माताई शाळेत शिकवतात. त्या उसळल्याच. "सगळ्यांनीच आरक्षणं उठवली तर पोरांनी खेळायचं कुठं? हायवेवर?"

"मग त्याला टीडीआर द्या, पैशाऐवजी जादा बांधकामाचा हक्क, जो विकता येतो," बंड्या म्हणाला.

अण्णांनी मान हलवली. "टीडीआर पुण्यात खपतो. इथं तिसरा मजला चढवणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. घेणार कोण?"

खरी गाठ इथंच आहे. नगरपरिषदेच्या तिजोरीत भूसंपादनाचे पैसे नाहीत आणि नकाशात मात्र भाजी मंडई, नाट्यगृह, वाहनतळ, सगळं आहे. माझं म्हणणं मी तिथं मांडलं, इथंही मांडतो. झेपतील तेवढीच आरक्षणं ठेवा, पण रस्ते आणि ओढे यांच्यात एका फुटाचीही तडजोड नको. नाट्यगृह दहा वर्षांनी बांधता येतं. दोन्ही बाजूंनी घरं उठल्यावर रस्ता रुंद करणं कुणाच्या बापाला जमत नाही.

शेजारचं जयसिंगपूर बघा. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली वडिलांच्या नावानं ते वसवलं. आधी सरळ, काटकोनात रस्ते आखले, मग प्लॉट पाडले. गल्ल्या आजही नंबरानं ओळखल्या जातात. शंभर वर्षांत घरं बदलली, धंदे बदलले, पण आखणी टिकली.

"राजाचं राज्य हुतं ते," बंड्या म्हणाला. "आता सातबारावर बारा नावं."

खरं आहे. म्हणूनच कागदावर भांडायला हवं. अण्णांनी मोबाईलवर नकाशाचा फोटो मोठा करून दाखवला. मळ्याकडचा ओढा केसाएवढ्या रेघेत काढलाय आणि त्याला खेटून पिवळा, म्हणजे रहिवासी पट्टा. २०१९ ला त्याच मळ्यात छातीएवढं पाणी होतं, २०२१ ला परत. पूररेषेत निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत बांधकाम चालत नाही. मग तिथं पिवळा रंग आला कसा?

त्यावर मात्र कुणाचं दुमत झालं नाही. हरकतीला तीस दिवस आहेत. रेश्माताईंनी वहीचा कागद फाडला, अण्णांनी ओढ्याकाठचे गट नंबर सांगायला सुरुवात केली. संज्यानं सही केली, पण बजावून: "वड्याला माझी सही. बागेची हरकत येगळी, ती मी येकटा लढणार."

रेश्माताई म्हणाल्या, "लढ. सुनावणीला मीही येणार हाय, बागेच्या बाजूनं."