कॉमर्सच्या मुलांना बीजगणित कशाला?

परवा लेक्चर संपल्यावर एफवायचा, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा टेबलापाशी घुटमळत उभा होता. वर्ग रिकामा झाल्यावर त्याने सॅकमधून घडी घातलेला कागद काढला. सेकंडहँड बाइकसाठी घेतलेल्या कर्जाचा. एक लाख रुपये, तीन वर्षं, व्याज 10 टक्के फ्लॅट, हप्ता 3,611 रुपये. "मॅडम, दहा टक्के म्हणजे ठीकच आहे ना?" सही आधीच झालेली होती.

दुसऱ्या दिवशी चालू युनिट बाजूला ठेवून मी ते आकडे फळ्यावर घेतले, कोणाचे ते न सांगता. फ्लॅट म्हणजे काय? छत्तिसाव्या महिन्यात जवळजवळ सगळं मुद्दल फिटलेलं असतं, तरी व्याज पूर्ण एक लाखावरच धरलेलं असतं. बँका घरकर्जाला लावतात तसं घटत्या शिलकीवर 10 टक्के व्याज असतं, तर हप्ता 3,227 आला असता. म्हणजे दर महिन्याला 384 रुपये कमी. मग मी विचारलं, 3,611 चा हप्ता घटत्या शिलकीच्या हिशोबाने नेमका किती टक्क्यांचा? हप्त्याच्या सूत्रातून दर सरळ बाहेर काढता येत नाही, वेगवेगळे दर घालून बघावे लागतात. मुलांनी मोबाइल काढले. 12 टक्क्यांना हप्ता आला 3,321. 15 ला 3,467. 18 ला 3,615, म्हणजे अवघे चार रुपये जास्त. दहा म्हणून सांगितलेला दर जवळजवळ अठरा निघाला. वर्गात इतकी शांतता मी क्वचित अनुभवली आहे.

हे आज लिहिण्याचं कारण म्हणजे अभ्यासक्रमाच्या एका बैठकीत नुकतंच पुन्हा ऐकलेलं वाक्य: "कॉमर्स आणि आर्ट्सच्या मुलांना बीजगणित झेपत नाही, तेवढं कमी करूया." बोलणाऱ्यांच्या मनात मुलांबद्दल कळवळाच होता, हे मला मान्य आहे. मी एकोणीस वर्षं पुण्यात याच मुलांना शिकवते आहे आणि माझं मत नेमकं उलट आहे. बीजगणिताची सगळ्यात जास्त गरज याच मुलांना आहे. इंजिनिअर झालेल्याला ते कुठे ना कुठे पुन्हा भेटतं. बीकॉम झालेल्याच्या हातात मात्र पहिल्या नोकरीपासून दुसऱ्याचा पैसा असतो.

झेपत नाही, ते का? दहावीला बीजगणित आणि भूमितीचे 40-40 मार्कांचे दोन पेपर देऊन मूल अकरावी कॉमर्सला येतं. तिथे विचारतात, मॅथ्स घेणार की एसपी, म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस? घरचे, शेजारचे, क्लासवाले एका सुरात सांगतात, एसपी घे, स्कोअरिंग आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने घेतलेला हा निर्णय. दोन वर्षं एक्स दिसत नाही आणि एफवायला एकदम मॅट्रिक्स, अॅन्युइटी, लिनिअर प्रोग्रॅमिंग समोर येतं. त्यात जुन्नर, शिरूर, इंदापूरहून आलेली कितीतरी मुलं मराठी माध्यमाची. त्यांना चल, सहगुणक, स्थिरांक चांगले येत असतात. पण व्हेरिएबल, कोइफिशंट, कॉन्स्टंट हे कानाला नवीन आणि मी वेगाने पुढे गेलेली. एका मुलीने सेमिस्टर संपताना मला विचारलं होतं, "मॅडम, कोइफिशंट म्हणजे सहगुणकच का?" चार महिने ती न समजता लिहून घेत होती. तेव्हापासून मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिते.

आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे आपण या मुलांना समीकरण सोडवायला लावतो, वाचायला शिकवत नाही. वर्गसमीकरणाची मुळं काढा, दोन मार्क. मूळ म्हणजे काय, हे कोणीच सांगत नाही.

मी पोळी-भाजी केंद्राचं उदाहरण घेते. एका ताटाला खर्च 50 रुपये. भाव 80 ठेवला तर दिवसाला 120 ताटं जातात आणि भाव एक रुपयाने वाढवला की दोन गिऱ्हाइकं कमी होतात, असं धरू. भाव भ असेल तर ताटं 280 वजा 2भ. भाडं-पगार सोडून रोजची कमाई (भ − 50)(280 − 2भ). ही शून्य कधी होते? भाव 50 असेल तर, कारण पदरात काहीच पडत नाही. आणि भाव 140 असेल तर, कारण कोणी येतच नाही. हीच ती दोन मुळं. एका टोकाला फुकट राबणं, दुसऱ्या टोकाला रिकामं दुकान. सगळ्यात जास्त कमाई दोघांच्या बरोबर मध्ये, 95 रुपयांना: 45 गुणिले 90, म्हणजे 4,050. ऐंशीला ती 3,600 होती. आणि 110 ला? पुन्हा 3,600. इथे मुलं दचकतात. भाव वाढवत राहिलं की कमाई वाढतच जाते, हा समज त्या एका वक्राने मोडतो. ज्या मुलीच्या आईचं खरंच असं केंद्र आहे ती घरी जाऊन वहीत रोजची ताटं मांडायला लागली. तिला कोणता अवघड सिद्धांत शिकवला मी? आठवी-नववीचे अवयव.

जीएसटीचंही तेच. 18 टक्के धरून बिल 1,180 झालं तर मूळ किंमत किती? निम्मा वर्ग 1,180 मधून 18 टक्के वजा करतो आणि 967 रुपये 60 पैसे सांगतो. किंमत क्ष धरून 1.18क्ष = 1,180 असं एकदा मांडलं की उत्तर हजार, आणि ती चूक आयुष्यात परत होत नाही.

आपल्या भाषेतच बघा ना. अधिक-उणे संख्यांना आपण धन आणि ऋण म्हणतो. इसवी सन 628 मध्ये ब्रह्मगुप्ताने याच शब्दांत नियम लिहिले: धन म्हणजे संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. भास्कराचार्यांच्या लीलावतीत व्याजाची आणि भागीदारीतल्या नफ्याची गणितं आहेत. त्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात पहिल्या अव्यक्ताला, म्हणजे आपल्या क्ष ला, यावत्तावत् म्हणतात आणि पुढच्यांना रंगांची नावं, कालक, नीलक, पीतक. लिहिताना नुसतं या, का, नी, पी. हे शास्त्र व्यवहाराच्या इतकं जवळ होतं आणि आपण ते कॉमर्सच्याच मुलांपासून तोडलं.

आर्ट्सवाल्यांसाठी तर पुण्याइतकं चांगलं उदाहरण दुसरीकडे सापडणार नाही. गोपाळ कृष्ण गोखले आधी गणिताचे मास्तर. त्यांचं अंकगणिताचं पुस्तक शाळांमध्ये चालायचं. पुढे फर्ग्युसनमध्ये इतिहास आणि अर्थशास्त्र. 1902 मध्ये केंद्रीय कायदे मंडळात सरकार अंदाजपत्रकातली शिल्लक मिरवत होतं, तेव्हा ती भरभराटीची खूण नाही हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. रुपया 13 पेन्सच्या आसपास घसरलेला होता, तो 16 पेन्सवर नेला गेला. पौंडात 240 पेन्स. म्हणजे विलायतेला पाठवायच्या प्रत्येक पौंडासाठी आधी सुमारे साडेअठरा रुपये लागत, आता पंधरा. वाचलेला पैसा सरकारकडे राहिला आणि रयतेवरचे कर तसेच. दुसऱ्या वर्षी मिठावरचा कर कमी झाला. वापरलं काय, तर साधा भागाकार. पण कुठली राशी बदलली आणि कुठली तशीच ठेवली गेली, हे ओळखायची नजर बीजगणिताची. याच शहरात, गोखल्यांच्या नावाच्या संस्थेत दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी 1971 मध्ये माणशी दिवसाला 2,250 कॅलरी हा निकष धरून देशातली गरिबी मोजली. समाजशास्त्राच्या मुलांना "तुम्हाला गणित लागत नाही" असं या शहरात तरी कोणी सांगू नये.

माझं मागणं फार मोठं नाही. युनिट कमी करू नका. पेपरात "सोडवा" बरोबर "या उत्तराचा अर्थ एका वाक्यात लिहा" असा प्रश्न घाला, मराठीत लिहिलं तरी मार्क द्या. कॅल्क्युलेटर वापरू द्या. एफवायच्या पहिल्या तीन आठवड्यांत, ज्यांनी अकरावीत एसपी घेतलं त्यांच्यासाठी दहावीची उजळणी टाइमटेबलमध्ये बसवा. ते तास मी घेईन, जास्तीचे घ्यावे लागले तरी घेईन.

तो बाइकवाला मुलगा काल परत आला. मध्येच दहा हजार एकरकमी भरले तर किती वाचतील, हे त्याला काढायचं होतं. पानभर मांडणी करून आणली होती. मुद्दलाला मु, हप्त्याला ह, राहिलेल्या महिन्यांना म. "मॅडम, अक्षरं मराठी चालतील का?" म्हटलं, चालतील. मग आम्ही कर्जाच्या कागदातलं मुदतीआधी फेडीचं कलम शोधायला बसलो.