'नको' म्हणायचं बटण कुठंय?

शनिवारी सकाळी साडेनऊला शटर वर केलं, उदबत्ती फिरवली, कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि समोर काय, तर गोल गोल फिरणारं चाक आणि खाली ओळ, अपडेट चालू आहे, कृपया कॉम्प्युटर बंद करू नका, 4 टक्के. अरे कोणी सांगितलं होतं? रात्री मी नीट बंद करून गेलो होतो, हात जोडून विचारलं असतं तरी मी नाहीच म्हणालो असतो, कारण लग्नसराई चालू आहे आणि त्या दिवशी दुपारी बारापर्यंत चारशे पत्रिकांचं प्रूफ फायनल करून प्रेसला पाठवायचं होतं.

माझं डीटीपीचं दुकान आहे. पत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, श्रद्धांजलीचे बोर्ड, अधूनमधून कुणाचा तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. माझ्याकडे कुठली सिस्टीम आहे ते मुद्दाम सांगत नाही, उगाच कुणा एकाच्या नावाने बोंब कशाला, सगळे एकाच माळेचे मणी आहेत.

तर 4 टक्के. चहा सांगितला, चहा आला, पिऊन झाला, 11 टक्के. तेवढ्यात नवरी मुलीचे काका आले, पलीकडच्या गावाहून एसटीने, सोबत पिशवी आणि पिशवीत त्यांनी हाताने लिहिलेली नावांची यादी, त्यात शेवटच्या क्षणाला वाढवलेले दोन आत्याबाई आणि एक माजी सरपंच. म्हटलं काका बसा, पाच मिनिटं. पाच मिनिटं! 27 टक्क्यावर ते चाक असं अडकलं की बस. आणि मग व्हायचं तेच झालं, लाईट गेली. आता पडद्यावर लिहिलंय बंद करू नका, आणि टेबलाखाली यूपीएस बोंबलतोय टीं टीं टीं, त्याची बॅटरी जुनी, फार तर दहा मिनिटं काढते. मी पंखा बंद, ट्यूब बंद, झेरॉक्स मशीनची पिन काढली, जणू काय ते काढल्याने यूपीएसला जोर येणार आहे (ती सगळी वेगळ्या लायनीवर आहेत, पण त्या वेळी डोकं चालत नाही). काका म्हणाले, "पेशंट आयसीयूत आहे का?" मी हसलो नाही. नवव्या मिनिटाला लाईट आली, देवाची कृपा.

40 टक्के झाले, मग आपोआप रिस्टार्ट, मग परत 0 पासून वेगळीच टक्केवारी, यावेळी "जवळपास झालंच आहे" म्हणून. हे टक्के कसले आहेत हो? कशाचे टक्के? पहिल्या 90 ला दहा मिनिटं आणि पुढच्या 10 ला पाऊण तास हे कुठल्या शाळेतलं गणित आहे?

साडेअकराला उघडला एकदाचा. आधी स्वागत. "नवीन काय आहे ते पाहूया!" नाही पाहायचं. "पुढे". नाही. "नंतर आठवण करा". शेवटी पुढे पुढे पुढे करत आत गेलो तर प्रिंटर गायब. काल संध्याकाळपर्यंत याच प्रिंटरवर पाचशे हँडबिलं काढली होती, आज कॉम्प्युटर विचारतो कोण प्रिंटर? बरं ते सोडा, मराठी फॉन्टचं आमचं जे सॉफ्टवेअर आहे त्याला मागे यूएसबीत एक डोंगल लावायला लागतं, लायसन्सची किल्ली म्हणा, ते डोंगल लावलेलं असून दिसत नाही म्हणतोय. आणि डोंगल नाही म्हणजे फॉन्ट नाही.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना यातली गंमत कळायची नाही म्हणून सांगतो. युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी ही मराठीच राहते ती अक्षरांची पद्धत, घराघरात पोचायच्या आधीपासून आमचा अख्खा धंदा जुन्या फॉन्टांवर उभा आहे. म्हणजे आत कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र खुणाच असतात, फक्त वर फॉन्टने देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो. वीस वर्षांच्या फायली आहेत माझ्याकडे अशा, अर्ध्या तालुक्याची लग्नं त्यात आहेत, काही जोडप्यांच्या पोरांच्या मुंजीच्या पत्रिका पण त्याच फोल्डरात आहेत. तर मी फाईल उघडली आणि जिथे "श्री गणेश प्रसन्न" पाहिजे तिथे डॉलर, पर्सेंट, उलटे कंस आणि टोपी घातलेला ए. काका चष्मा लावून वाकून बघतायत. "हे कानडीत का छापलं?"

भाच्याला फोन केला. तो पुण्यात आयटीत आहे. तो म्हणतो मामा, तुम्ही पानं जुळवायला 2001 सालचा पेजमेकर 7 अजून वापरता, ते कंपनीने पुढे काढलंच नाही, त्याच्या जागी आलेल्या इनडिझाईनवर या, युनिकोडवर या. अरे बाबा येतो की, पण आज शनिवारी बारा वाजता येऊ? मग म्हणाला, अपडेट चांगल्यासाठी असतात मामा, सिक्युरिटी असते. हे मला पाठ झालंय आता, आणि खोटं नाहीये ते. 2017 च्या मे महिन्यात ते वॉनाक्राय नावाचं व्हायरससारखं प्रकरण आलं होतं, दीडशे देशांत कॉम्प्युटरांना कुलूप लावून खंडणी मागत होतं, इंग्लंडातल्या हॉस्पिटलांना पेशंट परत पाठवायला लागले होते, आणि त्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी मार्चमध्येच अपडेटमधून दिलेला होता. ज्यांनी घेतला नव्हता ते मेले. मान्य. शंभर टक्के मान्य. घराला कुलूप बदलून देताय, द्या, धन्यवाद, लगेच घेतो.

पण कुलूप बदलायला आलेला माणूस स्वयंपाकघरातले डबे का हलवतो? मीठ कुठे ठेवलंस रे? हा माझा राग आहे. कुलुपाच्या नावाखाली सोफा फिरवतात, देव्हारा हलवतात, दारावर स्वतःच्या जाहिरातीचं पत्रक चिकटवतात. विंडोज 8 मध्ये 2012 ला स्टार्टचं बटणच काढून टाकलं होतं, 1995 पासून लोकांचं बोट ज्या कोपऱ्यात जात होतं तिथे काहीच नाही, वर्षभर जगाने शिव्या घातल्यावर 8.1 मध्ये बटण परत दिलं. 11 मध्ये सगळं उचलून मधोमध आणलं, आणि ज्यांना पडद्याखालची पट्टी वर किंवा बाजूला लावायची सवय होती त्यांची ती सोयच काढली. राइट क्लिक केलं की अर्धाच मेनू, उरलेल्यासाठी अजून एक क्लिक. कोणी मागितलं होतं हे? मोर्चा निघाला होता का? अॅपलवाले पण काही धुतल्या तांदळाचे नाहीत, 2022 च्या व्हेंचुरा नावाच्या आवृत्तीमध्ये त्यांनी सेटिंगचं अख्खं पान फोनसारखं करून टाकलं, आणि त्याआधी 2019 च्या कॅटलिनामध्ये 32 बिटची, म्हणजे जुन्या पद्धतीची, सगळी सॉफ्टवेअरं एका झटक्यात बंद, पैसे देऊन विकत घेतलेली, चालू असलेली. आता तर आवृत्तीचा आकडाच 15 वरून थेट 26 केला.

आणि मराठीवाल्यांसाठी खास. मंगल फॉन्ट माहितीय ना? सरकारी पत्र, निविदा, शाळेचे अर्ज, युनिकोड म्हणजे मंगल असंच लोक समजत होते इतका तो सगळीकडे होता. विंडोज 10 मध्ये तो मूळ सामानातून काढून ऐच्छिक डब्यात टाकला, कोकिळा आणि अपराजिता पण त्याच डब्यात. हिंदी किंवा मराठी भाषा जोडलेली असली तर येतो, नाहीतर निर्मला नावाचा दुसरा फॉन्ट त्याच्या जागी उभा राहतो आणि तुमची एका पानात बसवलेली नोटीस दीड पानाची होते, सही एकटीच दुसऱ्या पानावर. गिऱ्हाईक येतं माझ्याकडे, पेन ड्राइव्ह घेऊन, "दादा घरी नीट दिसत होतं." हो बाबा, घरी दिसत होतं.

वेळेचं तर विचारूच नका. विंडोजचे महिन्याचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुटतात, 2003 पासून तसा दंडकच आहे, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले की. म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, नाहीतर थंडीत साडेअकरा. त्यांच्याकडे ऑफिसला येऊन कॉफी प्यायची वेळ, आपल्याकडे बुधवारी सकाळी बँकेत टोकन घेऊन उभी असलेली माणसं. आणि तपासून देतात म्हणावं तर 2018 च्या ऑक्टोबरात जो मोठा अपडेट आला त्याने काही लोकांच्या डॉक्युमेंट फोल्डरातल्या फायली उडवल्या, फोटो, कागदपत्रं, सगळं, तीन-चार दिवसांत वाटप थांबवायला लागलं. आधी ज्या लोकांना चाचणीसाठी दिलं होतं त्यातल्या काहींनी हे कळवलंही होतं. कळवून काय झालं?

मग दिलेल्या शब्दाचं म्हणाल तर 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टचाच माणूस स्टेजवरून म्हणाला होता की विंडोज 10 ही शेवटची आवृत्ती. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. सहा वर्षांनी 11 हजर, आणि सोबत अट, टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप पाहिजे आणि प्रोसेसर ढोबळमानाने 2017-18 च्या पुढचा पाहिजे. त्याच्या आधीचा असेल तर तुमचा धडधाकट चालणारा कॉम्प्युटर अपात्र. 14 ऑक्टोबर 2025 ला 10 चा फुकटचा आधार संपला, वर्षभर वाढवून पाहिजे तर 30 डॉलर, किंवा त्यांच्या खात्यात लॉगिन करून तुमच्या सेटिंग त्यांच्या क्लाउडवर चढवा. म्हणजे चालणारी वस्तू, बिघाड काही नाही, फक्त वरून निरोप आला की आता हिला म्हातारी म्हणा. आमच्याकडे बैल म्हातारा झाला तर निदान तो नांगराला थांबतो तरी.

भाचा म्हणाला विंडोज काढून लिनक्स टाका, ती फुकटची सिस्टीम. मला माहीतच होतं तो हे म्हणणार, प्रत्येक घरात एक असतो. लिनक्सवर माझा पेजमेकर कोण चालवणार, तू येणार आहेस का सातारा रोडवरून रोज?

पण मला सगळ्यात जास्त डोक्यात जातं ते दोन बटणांचं नाटक. "आत्ता करा" आणि "नंतर आठवण करा". तिसरं बटण कुठंय? "नको". साधं सरळ नको. भाजीवाल्याला नको म्हणता येतं, दारात आलेल्या विमा एजंटला नको म्हणता येतं, लग्नाच्या पंगतीत चौथ्या जिलबीला ताटावर आडवा हात धरता येतो आणि वाढपी निदान दोनदा आग्रह करून पुढे जातो. हे जात नाहीत. 2016 मध्ये तर विंडोज 10 च्या वेळी कहरच केला होता, खिडकी आली, लोकांनी कोपऱ्यातली फुली दाबून बंद केली, आणि फुली दाबली म्हणजे ठरलेल्या वेळी अपग्रेडला तुमची हरकत नाही असा अर्थ काढला. फुली! फुलीचा अर्थ फुली! आणि मग परिणाम काय, लोक अपडेट पूर्ण बंद कसे करायचे याचे व्हिडिओ शोधतात, सर्व्हिस बंद करतात, आणि त्यात खरोखरचं कुलूप पण बंद पडतं. तुम्हीच शिकवलंत त्यांना. मी पण केलंय आता, लपवत नाही. जुन्या मशिनची नेटची वायर काढून तिच्या तोंडावर सेलोटेप गुंडाळलाय, वर मार्करने लिहिलंय "जोडू नये", फायली पेन ड्राइव्हने ने-आण करतो. भाचा म्हणतो हे अत्यंत चुकीचं आहे. असेल.

त्या शनिवारचं सांगायचं राहिलं. डोंगलवाल्या कंपनीला फोन लावला तर शनिवारी अर्धा दिवस, ते गेलेले. बाजारपेठेतल्या एका मित्राच्या दुकानात जाऊन त्याच्या मशिनवर सगळी पत्रिका परत टाइप केली, पाहुण्यांची नावं, आत्याबाई, माजी सरपंच, सगळं, काका शेजारी बसून सांगतायत आणि मी बडवतोय. प्रेसला पोचलो तर त्यांचं मशीन दुसऱ्या कामाला लागलेलं. पत्रिका सोमवारी संध्याकाळी मिळाल्या. काकांची रविवारची वाटप फेरी बुडाली, गाडी ठरवली होती ती फुकट गेली, तर त्यांनी बिलातून पाचशे रुपये कापले. वाद घातला नाही, कापायलाच पाहिजे होते.

आता त्या विंडोज 10 च्या अपग्रेडवरून कॅलिफोर्नियात एका बाईंनी मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं होतं. त्यांचा ट्रॅव्हल एजन्सीचा छोटा धंदा, न विचारता अपग्रेड सुरू झालं, फसलं, कॉम्प्युटर रांगायला लागला, कामं बुडाली. त्यांना 10 हजार डॉलर मिळाले. मला 10 हजार डॉलर नकोत, बाई, तुमचं भलं होवो. माझे काकांनी कापलेले पाचशे आहेत आणि मित्राला पाजलेल्या चहाचे चाळीस. ते कोणाकडे मागू तेवढं सांगा.