चौथ्या वर्षाआधी प्रॅक्टिकलचं बोला

चार वर्षांच्या पदवीवरून आमच्या जुन्या झूलॉजीवाल्यांच्या ग्रुपवर सध्या खडाजंगी चालू आहे. बॅचमधले निम्मेअधिक आज महाराष्ट्रातल्या कॉलेजांत शिकवतात, काही कायम, बरेचसे तासिका तत्त्वावर. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधन घेता येईल, असं नवं शैक्षणिक धोरण सांगतं. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत ते 2024-25 पासून लागू झालं, म्हणजे तिथली पहिली मुलं 2027 मध्ये चौथ्या वर्षाला येतील. एक गट म्हणतो, गाईडच नाहीत, सगळं कागदोपत्री उरकणार. दुसरा म्हणतो, अमेरिकेत पदवी चार वर्षांचीच असते, तिथं कुठं काय बिघडलं? मग दोघंही मला मध्ये ओढतात, कारण मी ओहायोतल्या एका लहान कॉलेजात पदवीच्या मुलांना न्यूरोसायन्स शिकवते.

इथला चार वर्षांचा आकडा उचलून काही साधणार नाही, हे मी ग्रुपवरही लिहिलं. माझ्यासारख्या, पीएच.डी.चे विद्यार्थी नसलेल्या, एका खोलीच्या प्रयोगशाळेवर भागवणाऱ्या शिक्षकाला तारून नेते ती इथल्या शिक्षकांची एक संघटना. ‘फॅकल्टी फॉर अंडरग्रॅज्युएट न्यूरोसायन्स’ हे तिचं नाव, लोक नुसतं ‘फन’ म्हणतात. 1991 मध्ये पदवीच्या वर्गांना शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी ती काढली. 1969 पासूनची ‘सोसायटी फॉर न्यूरोसायन्स’ हे इथलं मोठं घर, तिच्या वार्षिक अधिवेशनाला हजारोंनी शास्त्रज्ञ लोटतात. त्याच अधिवेशनात एका संध्याकाळी फनवाल्यांचा मेळावा भरतो आणि पदवीची पोरं आपापली पोस्टरं लावून उभी राहतात. काहींना प्रवासखर्चासाठी संघटना पुरस्कारही देते. वीस वर्षांचं पोर घशाला कोरड पडेपर्यंत आपला आलेख समजावतंय आणि समोर त्या विषयातला दिग्गज शांतपणे ऐकतोय, हे दृश्य तिथं दर चार पावलांवर दिसतं.

पण मला विचाराल तर मेळाव्यापेक्षा फनचं नियतकालिक जास्त मोलाचं. ‘जर्नल ऑफ अंडरग्रॅज्युएट न्यूरोसायन्स एज्युकेशन’ 2002 मध्ये सुरू झालं. वाचायला पैसे पडत नाहीत, सांगलीतूनही नाही. त्यात नव्या शोधांपेक्षा प्रॅक्टिकल छापली जातात: साहित्य काय लागेल, कुठं फसतं, मुलं कोणत्या पायरीवर हमखास गोंधळतात, आधी-नंतरच्या चाचणीत त्यांना किती कळलेलं दिसलं. आणि हे सगळं इतर शिक्षकांनी तपासूनच छापायचं. प्रॅक्टिकलकडे संशोधनाइतक्या गांभीर्यानं बघणारी माणसं मला पहिल्यांदा इथं भेटली. आमच्या वेळी जर्नल म्हणजे सीनियरचं बघून उतरवायची वही होती, आणि एक्सटर्नल येईपर्यंत ती भरलेली असली की भागायचं.

पैसा कुठून आणायचा, हा ग्रुपवरचा ठरलेला प्रश्न. त्याला माझं उत्तर एक जुनं प्रॅक्टिकल आहे, ज्याला घड्याळाखेरीज काही लागत नाही. तीस मुलं जमिनीवर ओळीनं बसवायची. प्रत्येकानं पुढच्याचा खांदा धरायचा, डोळे मिटायचे. मागच्यानं दाबलं की आपण पुढच्याचा खांदा दाबायचा. शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत निरोप पोचायला किती सेकंद लागले, ते मोजायचं. मग तेच खांद्याऐवजी घोटा धरून. आता संदेशाला प्रत्येकाच्या पायातून वरपर्यंत जास्तीचा सुमारे मीटरभर प्रवास आहे, तीस जणांचा मिळून तीस मीटर. दोन वेळांमधला फरक 0.6 सेकंद आला, तर मज्जातंतूतला वेग निघाला सेकंदाला 50 मीटर.

खरी गंमत पुढं आहे. पहिल्या खेपेला फरक बहुधा उलटाच येतो, घोट्याची फेरी लवकर संपते! कारण ती नंतर घेतलेली असते, तोवर हात बसलेला असतो. हे कुणीतरी पोरगी ओळखते, मग फेऱ्या आलटून पालटून घ्यायचं ठरतं, सरासरी काढायची ठरते, मधेच हसणाऱ्या बाळ्याला ओळीतून उठवायचं की त्याची फेरी रद्द करायची यावर भांडण होतं. चौथ्या वर्षी ‘संशोधन पद्धती’ म्हणून जे शिकवायचं आहे त्यातलं निम्मं इथंच झालं. योहानेस म्युलरसारख्या बड्या शरीरशास्त्रज्ञाला मज्जातंतूतला वेग मोजता येईल असं वाटत नव्हतं. त्याच्याच शिष्यानं, हेल्महोल्ट्झनं, 1850 मध्ये बेडकाच्या मज्जातंतूवर तो मोजून दाखवला.

बेडूक म्हटलं की ग्रुपवर दुसरं गाऱ्हाणं येतं: यूजीसीनं 2014 मध्ये विच्छेदन बंद केलं आणि झूलॉजीचं प्रॅक्टिकल मेलं. इथं मी झुरळाचा पाय काढून, त्यात दोन टाचण्या खुपसून, त्यातले विद्युत् संकेत वर्धकानं (अ‍ॅम्प्लिफायरनं) मोठे करून स्पीकरवर ऐकवते. पायावरच्या काट्याला टूथपिक लागली की ताडताड आवाज येतो. ते वापरू शकते याचा मला आनंद आहे, पण ते नसलं तर विषय अडत नाही. ईसीजीचे चिकट इलेक्ट्रोड स्वतःच्या दंडाला लावून तोच वर्धक स्नायूचा आवाज ऐकवतो. या वर्धकाचा, स्पायकरबॉक्सचा, आराखडा 2012 मध्ये खुला प्रसिद्ध झालेला आहे. आपल्याकडचा कुठलाही इलेक्ट्रॉनिक्सचा विभाग तो जोडून देईल, फक्त झूलॉजीवाल्यांनी जिना चढून त्यांच्याकडे जायला हवं.

मेंदूचं खरं प्रॅक्टिकल वर्गात नसलं की बाजार ते विकतो. मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशनच्या नावाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना वाचायला लावणारे क्लास आपल्याकडे गावोगाव निघाले होते, आणि सुशिक्षित आईबापांनी हजारो रुपये मोजले. नाकाशेजारच्या फटीतून मुलं बघतात, हे विवेकवादी कार्यकर्त्यांना जाहीरपणे दाखवून द्यावं लागलं. हे काम जीवशास्त्राच्या शिक्षकांचं नव्हतं का?

‘उंटावरून शेळ्या हाकू नकोस,’ असं एका मैत्रिणीनं सुनावलंच. तिचं थोडं खरंही आहे. इथलं सगळं सोन्याचं नाही. कॉलेजची फी ऐकली तर गावाकडे लोक चक्रावतील. मेंदूसंशोधनाच्या ‘ब्रेन इनिशिएटिव्ह’चा निधी 2024 मध्ये 68 कोटी डॉलरवरून 40 कोटींवर आला, तेव्हापासून उन्हाळ्यात मुलांना कुठल्या प्रयोगशाळेत पाठवायचं याची चिंता आम्हालाही आहे. अधिवेशनाच्या शहरातली हॉटेलं तर लुटायलाच बसलेली असतात.

पण जे मी सांगतेय ते अमेरिकन नाहीच मुळी. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी भारतात 1984 मध्ये आपली संघटना, आयएपीटी, काढली. विज्ञान ऑलिंपियाडची पहिली पायरी असलेल्या परीक्षा ती घेते, जीवशास्त्राचीसुद्धा. एच. सी. वर्मांच्या मार्गदर्शनाखाली तिनं ‘अन्वेषिका’ नावाची प्रयोगघरांची साखळी उभी केली. विज्ञानशिक्षणावर काम करणारं मानखुर्दचं होमी भाभा केंद्र मुंबईतच आहे. मेंदूसंशोधकांची अकादमीही देशात 1982 पासून आहे. कमी आहे ती मधली फळी, म्हणजे कराडच्या बाईंनी बसवलेलं प्रॅक्टिकल परभणीच्या सरांपर्यंत पोचवणारी, आणि तेही मराठीत. प्राध्यापक संघटना आपल्याकडे तगड्या आहेत. वेतन आणि पेन्शनसाठी त्या लढतात, लढायलाच हव्यात. पण त्यांच्या अधिवेशनात एक दुपार प्रॅक्टिकलसाठी ठेवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

यावर ग्रुपवर सर्वांत टोकदार सवाल तासिकावाल्या मित्राचा होता. तो म्हणाला, मला तासाचे पैसे मिळतात, प्रॅक्टिकल लिहून काढायचे कोण देणार? तीन कॉलेजांत धावपळ करत शिकवणारे इथलेही कंत्राटी प्राध्यापक फनच्या नियतकालिकात क्वचितच लिहितात, त्यांनाही वेळ नसतो. निदान कायम असलेल्यांसाठी तरी एक गोष्ट आता करता येईल. यूजीसीनं 2025 मध्ये मान्य नियतकालिकांची आपली केअर यादी मोडीत काढली आणि कुठलं नियतकालिक धरायचं हे संस्थांवर सोपवलं. पाच कॉलेजांत वापरून तपासलेलं प्रॅक्टिकल बढतीसाठी शोधनिबंधाइतकं धरायचं, असा ठराव एखादं विद्यापीठ करू शकतं. मित्राला मी हे लिहिलं. त्याचं उत्तर आलं, ‘आधी मला कायम करायला सांग त्यांना.’