एफडीवरचं पहिलं क्रेडिट कार्ड : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. ‘अठरा-वीस वर्षांच्या पोरांना क्रेडिट कार्ड घ्यायला सांगणं म्हणजे उधारीची सवय लावणं. यूपीआय आहे, एटीएम कार्ड आहे, तेवढं पुरे. आणि खातं बँकेतच कशाला? गावची पतसंस्था व्याज जास्त देते.’

पतसंस्थेचं आधी उरकतो. बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराची 5 लाखांपर्यंतची रक्कम, व्याज धरून, ठेव विम्यात सुरक्षित असते. नागरी सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे, पतसंस्थेला नाही. जळगाव जिल्ह्यात ठेवी अडकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. किमान शिल्लक ठेवणं जमत नसेल तर शाखेत ‘बेसिक सेव्हिंग’ खातं मागा. त्यात शिल्लक शून्य चालते, एटीएम कार्ड फुकट मिळतं आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे काढायला शुल्क नसतं. फक्त त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

आता कार्ड. यूपीआयने कितीही व्यवहार केले तरी सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये, त्याची एक ओळ उमटत नाही, कारण तो पैसा तुमचाच असतो. अमळनेरचा पोरगा उद्या पुण्यात नोकरीला लागून गाडीचं कर्ज मागतो, तेव्हा बँकेला त्याचा मागचा हिशोब दिसतच नाही. पगाराची स्लिप नसलेल्याला म्हणूनच एफडीवरचं, म्हणजे मुदत ठेव तारण ठेवून मिळणारं कार्ड सोयीचं पडतं. 20 हजारांची ठेव ठेवली तर बँकेप्रमाणे साधारण 15 ते 18 हजारांची मर्यादा मिळते आणि ठेवीचं व्याज चालूच राहतं. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत, म्हणजे पाच हजारांच्या आसपास वापरावं. मोबाईल रिचार्ज, एसटी-रेल्वेची तिकिटं, पुस्तकं यात ते भागतं.

तुमची भीती खोटी नाही, पण खड्डा ‘मिनिमम ड्यू’मध्ये आहे. 12 हजारांच्या बिलावर पाच टक्के, म्हणजे 600 रुपये भरले की दंड टळतो आणि पोराला वाटतं, झालं काम. पण साडेतीन टक्के महिना दराने व्याज होतं 420, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 495. म्हणजे 600 मधले जेमतेम शंभर मुद्दलात गेले! व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं, आणि थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. ऑटो-पे लावताना ‘टोटल ड्यू’ आणि ‘मिनिमम ड्यू’ असे दोन पर्याय येतात, तिथे टोटलच निवडायचं. देय तारखेच्या दोन दिवस आधी बचत खात्यात तेवढी रक्कम आहे ना, हेही बघायचं. कार्डावर एटीएममधून रोकड काढायची नाही, कारण तिथे पहिल्या दिवसापासून व्याज आणि वरून शुल्क.

एफडी असल्याने पैसे बुडत नाहीत, हा समज मात्र काढून टाका. बिल थकलं तर बँक ठेव मोडून वसूल करते. तरी उशिराची नोंद राहतेच, कारण सिबिलच्या रिपोर्टमध्ये 36 महिन्यांचा भरणा दिसतो.

ज्याच्या हातात स्वतःचा दरमहा पैसा नाही, केळीचा किंवा कापसाचा पैसा आला की मगच ज्याला खर्चाला मिळतं, त्याने मात्र सध्या कार्ड घेऊ नये. इथे मी तुमच्या बाजूचा आहे. बिल महिन्याला येतं, हंगामाला नाही.

एक गोष्ट तुमच्या-माझ्या दोघांच्या चर्चेतून सुटली. घरच्या ट्रॅक्टर कर्जाला पोरगा जामीनदार किंवा सहकर्जदार असेल तर ते कर्ज त्याच्याही नावावर दिसतं, आणि हप्ता थकला की कार्डाआधीच त्याचा सिबिल स्कोअर (परतफेडीवरून ठरणारा पतीचा आकडा) खाली येतो. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. कार्डाचा अर्ज करण्याआधी तो काढून बघायला सांगा.