वेचणीला आलेली विरोधी टीम

इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबचा चाहता शॉन कॉक्स याला क्लबवाल्यांनी कशी मदत केली, त्यावरचा लेख आवडला. 2018 मध्ये क्लबच्या मैदानाबाहेर, म्हणजे अ‍ॅनफिल्डबाहेर इटलीच्या रोमा क्लबच्या समर्थकांनी त्याला मारलं, मेंदूला इजा झाली. पण एक गोष्ट राहिली. मदत निव्वळ लिव्हरपूलवाल्यांनी नाही केली. रोमा क्लबनं दीड लाख युरो दिले. शेजारच्या एव्हर्टन क्लबचा सीमस कोलमन, म्हणजे हाडवैऱ्यांचा खेळाडू, त्यानंही 5000 युरो दिले. 2019 मध्ये त्याच्या देशात, आयर्लंडमधल्या डब्लिनात, मदतीसाठी सामनाही झाला.

आमच्या इकडं (यवतमाळ जिल्हा) फुटबॉल कोण पाहते, कबड्डीच. दोन वर्षांमागं रात्रीच्या सामन्यात प्रेक्षकांची बांबूची गॅलरी कोसळली अन् आमच्या गावच्या एका कास्तकाराची मांडी मोडली. ऑपरेशन महात्मा फुले योजनेत निघालं. पण वावरात कापूस फुटून लोंबत होता, तो कोण वेचणार? मजूर मिळेना. मग ज्या गावाशी फायनल होती तिथलेच पोट्टे ट्रॅक्टर भरून आले. दोन दिवसांत वेचणी उरकली. वेचता वेचता पंचाच्या निर्णयावरून भांडणं चालूच होती, ते सोडा. आयोजकांपैकी मात्र एकही फिरकला नाही. गॅलरी बांधली कोणी, हे आजवर कोणी सांगत नाही.