काढ तो हात बाहेर!

बायबलच्या स्तोत्रसंहितेतला लढवय्या देव हा विषय निघाला की एक जण म्हणतो, बघा, केवढा हिंसक देव! दुसरा म्हणतो, छे हो, ते रूपक आहे. दोघांनीही ७४वं स्तोत्र एकदा सलग वाचावं, एवढंच माझं म्हणणं.

ज्यूंचं देऊळ जळालंय. इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) फौजेनं यरुशलेम (जेरुसलेम) जाळलं, तेव्हाचं हे वर्णन असं बहुतेक अभ्यासक मानतात. रानात झाडं तोडायला शिरावं तसे शत्रू कुऱ्हाडी घेऊन घुसलेत आणि कोरीव लाकूडकाम फोडतायत. एवढ्या आगीत कवीला ती नक्षी आठवते! हे कधी संपणार ते सांगायला संदेष्टाही उरलेला नाही. मग तो थेट देवावरच उखडतो: उजवा हात कपड्यात खुपसून काय बसलायस? काढ बाहेर!

आणि लगेच पराक्रमाची उजळणी. तू समुद्र दुभंगलास, तू लिव्याथानाची, त्या समुद्रातल्या राक्षसी सापाची, डोकी ठेचलीस. हिब्रूत 'अत्ता', म्हणजे 'तू', पाच कडव्यांत सात वेळा येतं. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामराला १९२९पासून मातीच्या पाट्या सापडत गेल्या. त्यांत बआल देव समुद्राला हरवतो, आणि सात डोक्यांच्या लोतान नावाच्या सापाला मारल्याचाही उल्लेख आहे. लोतान म्हणजे आपला लिव्याथानच. डोकी सात आणि 'तू'ही सात, हा योगायोग असेलही. मला मात्र त्यात घणाचे ठोके ऐकू येतात.

म्हणजे बआलला पुजणाऱ्या कनानी शेजाऱ्यांच्या गोष्टीतला पराक्रम आपल्या देवाच्या नावावर मांडायचा आणि वर त्यालाच विचारायचं, मग आज काय झालं? याला विजयाची बढाई कोण म्हणेल? हे तर हरलेल्या माणसाचं भांडण. ४४व्या स्तोत्रातही तेच: आमच्या सैन्याबरोबर तू निघत नाहीस, ऊठ, झोपलास का?

सगळंच असं पचत नाही, हेही खरं. १३७व्याच्या शेवटी शत्रूची तान्ही मुलं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटलंय. तिथे मी दर वेळी पुस्तक मिटतो, आणि 'त्या काळी असंच असायचं' हे उत्तर मला पुरत नाही.

पण ७४वं पुन्हा उघडतो. त्यात देव शेवटपर्यंत उत्तर देत नाही. शेवटच्या ओळीत फक्त शत्रूंचा गोंगाट आहे, आणि तो चढतच चाललाय.